पालवी आली, मुळांचे काय?

प्रश्न : मी मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर राहते. गेली सहा वर्षे वड, उंबर आणि बोगनवेल यांचे बोन्साय करीत आहे. माझ्या यजमानांच्या मित्राची बिकानेरजवळ शेती आहे. तेथील पंधरा-सोळा वर्षांची ऑलिव्हची काही झाडे त्यांनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात जेसीबीने काढली आणि त्यातला एक बुंधा ओल्या गोणपाटात गुंडाळून आम्हांला पाठवला. तिसऱ्या दिवशी तो मिळाला. जमिनीलगतचा घेर ४० सेंटिमीटर, उंची दोन फूट, मुळे बहुतेक तुटलेली. मी तो मोठ्या टबात लाल माती आणि शेणखत घालून लावला व रोज पाणी घातले. जुनी पाने गळली, पण सहा आठवड्यांनी खोडावर ठिकठिकाणी फुटवे आले, तेव्हा घरात पेढे वाटले. आता मेच्या मध्यावर फुटवे वीतभर झाले आहेत, मात्र दुपारी त्यांची पाने माना टाकतात. झाड जगले असे समजावे का? पावसाळ्यापूर्वी ते ट्रेमध्ये हलवून तार बांधावी का? सासूबाई ताक घालायला सांगतात, ते घालावे का? आमच्या मागच्या डोंगरातही असे जुने बुंधे दिसतात. त्यातला एखादा आणता येईल का?

उत्तर :

सप्रेम नमस्कार. आपले झाड जगले असे आज म्हणता येणार नाही. ते जगण्याच्या प्रयत्नात आहे, एवढेच म्हणता येईल. ते ट्रेमध्ये हलवू नका, फांद्यांना वळण देण्यासाठी तार बांधू नका आणि ताकही घालू नका. पाने दुपारी माना टाकतात, हे आपण पत्रात जाता जाता लिहिले आहे, पण माझ्या दृष्टीने संपूर्ण पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीच आहे. वर पालवी आली असली तरी खाली तिला पाणी पुरवणारी मुळे अद्याप आलेली नाहीत, किंवा आली असली तरी फारच थोडी आहेत, हेच ती पाने सांगत आहेत.

ऑलिव्हच्या बुंध्याला जमिनीलगत गाठीगाठींचा फुगवटा असतो. त्यात झोपलेले डोळे, म्हणजे अद्याप न फुटलेले कोंब, आणि साठवलेले अन्न दोन्ही असतात. वरचा सगळा विस्तार तोडला, जाळला किंवा गोठून गेला, तरी या साठ्यावर झाड पुन्हा फुटते. इ.स.पूर्व ४८० मध्ये पर्शियन सैन्याने अथेन्सच्या टेकडीवरचे पवित्र ऑलिव्ह जाळले आणि दुसऱ्याच दिवशी त्याच्या बुंध्यातून हातभर फूट निघाली, अशी कथा ग्रीक लोक सांगत आले आहेत. दुसऱ्या दिवशीची हातभर फूट आपण श्रद्धेवर सोडू, परंतु त्या कथेतले झाड आपल्या जागी, आपल्या मुळांवर उभे होते, हा त्याच्यात आणि आपल्या टबातल्या बुंध्यात मूलभूत फरक आहे. आपल्याकडे आलेला बुंधा म्हणजे प्रत्यक्षात एक जाडजूड छाटकलम आहे. भूमध्य समुद्राच्या काठचे शेतकरी मनगटाएवढ्या जाड फांदीचे ओंडके जमिनीत पुरून शतकानुशतके ऑलिव्हची लागवड करीत आले आहेत, त्यामुळे असे कलम रुजते यात शंका नाही. मात्र ते रुजण्याचा क्रम असा असतो की आधी साठ्यावर पालवी येते, मग कापलेल्या कडेला पांढरट गाठाळ पेशींचा थर धरतो आणि त्यातून किंवा त्याच्या वरच्या सालीतून मुळे निघतात. पालवी आणि मुळे यांच्यात कित्येकदा काही महिन्यांचे अंतर पडते, आणि बहुतेक झाडे दगावतात ती याच काळात.

हे मी स्वतःच्या नुकसानीतून शिकलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी पुण्याकडच्या एका रोपवाटिकेतून मी ऑलिव्हचा असाच उपटलेला बुंधा आणला होता. मे अखेरीस त्याला नऊ-दहा इंचांचे फुटवे आले. ते पाहून मी जूनच्या पहिल्या पावसात तो उथळ ट्रेमध्ये हलवला आणि आकार धरावा म्हणून निम्मे फुटवे काढून टाकले. जुलैभर तो हिरवा राहिला. ऑगस्टमध्ये एका सकाळी बुंध्यावरची साल बोटाने दाबली, तर ती भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी आत गेली आणि खालून काळे पाणी आले. बुंधा उचलताच एका हाताने सहज वर आला. तळाला कापलेल्या कडेभोवती पॉपकॉर्नसारख्या पांढऱ्या गाठी होत्या, पण मूळ म्हणावे असे एकही नव्हते. त्या गाठी हलवल्यामुळे दुखावल्या, पावसाने कुजल्या आणि तीन महिने हिरवे दिसलेले झाड सबंध काळ केवळ साठ्यावर जगले होते. त्या सकाळनंतर पालवी पाहून मी कोणत्याही झाडाबद्दल निश्चिंत झालेलो नाही.

आता आपल्या टबाकडे वळू. लाल माती आणि शेणखत हे मिश्रण बागेतल्या मोगऱ्याला चालते, परंतु मुळे नसलेल्या बुंध्याला ते घातक ठरू शकते. नव्या मुळाला फुटताना पाण्याइतकीच हवा लागते. चिकट माती रोजच्या पाण्याने घट्ट बसते, आतली हवा संपते आणि शेणखतामुळे बुरशीला आयते अन्न मिळते. मग ते आत्ताच बदलावे की नाही, हा खरा अवघड निर्णय आहे, कारण बदलले तर कोवळी मुळे तुटण्याचा धोका आहे आणि न बदलले तर कुजण्याचा. यावर मी एक साधी कसोटी वापरतो. बांबूची एक कोरडी, जाडसर काडी बुंध्यापासून चार बोटांवर टबाच्या तळापर्यंत खोचा, पंधरा मिनिटांनी बाहेर काढा आणि तिच्या खालच्या टोकाचा वास घ्या. पहिल्या पावसात जमिनीला येतो तसा मातीचा वास आला आणि काडी नुसती ओलसर असली, तर टबाला मुळीच हात लावू नका. गटारासारखा किंवा आंबूस वास आला आणि काडी काळपट चिखल घेऊन आली, तर मात्र या आठवड्यातच माती बदला, कारण मुंबईत पावसाळा सुरू होण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे आणि त्यापूर्वी बुंध्याला नव्या जागी स्थिर व्हायला निदान तीन आठवडे मिळायला हवेत.

वास चांगला असेल, तर एवढेच करा : वरचा दोन इंचांचा शेणखताचा थर हलक्या हाताने काढून तिथे विटांचे बारीक तुकडे पसरा, टबाच्या तळाशी आणि बाजूंना खालच्या चार इंचांपर्यंत गरम सळईने बोटाच्या जाडीची पंधरा-वीस भोके पाडा आणि टब दोन विटांवर उचलून ठेवा. सळई आत खोलवर जाऊ देऊ नका.

माती बदलावीच लागली, तर ट्रे नको. फळे-भाज्यांच्या वाहतुकीचा जाळीचा प्लास्टिक क्रेट घ्या. तो चारही बाजूंनी श्वास घेतो. आत बारीक प्लास्टिकची जाळी लावा. मिश्रणासाठी नीट भाजलेल्या विटा फोडून चाळा आणि तुरीच्या दाण्यापेक्षा लहान नाही व हरभऱ्यापेक्षा मोठा नाही असाच चुरा ठेवा. धूळ पूर्णपणे काढून टाका, कारण ती तळाशी बसून पुन्हा चिखल होतो. अशा चुऱ्याचे तीन भाग आणि त्याच आकाराच्या बारीक खडीचा एक भाग पुरेसा आहे. प्युमिस, म्हणजे ज्वालामुखीचा हलका सच्छिद्र दगड, मिळत असेल तर विटांऐवजी तो वापरा, तो अधिक चांगला. जुन्या इमारतीचा राबीट मात्र आणू नका, त्यात सिमेंट आणि चुना असतो. खत, कंपोस्ट, गांडूळखत यांपैकी काहीही घालू नका. बुंधा काढताना मुळांजवळची माती ओरबाडू नका. पाण्याच्या बारीक धारेने जेवढी सुटेल तेवढी सुटू द्या. जेसीबीने ओढलेल्या मुळांची टोके फाटलेली असणार. कुजलेली, काळी पडलेली टोके धारदार करवतीने निरोगी लाकडापर्यंत कापा आणि कडेची साल धारदार सुरीने गुळगुळीत करा, कारण नवे मूळ फाटलेल्या सालीतून सहसा निघत नाही. पांढऱ्या गाठी किंवा मुळे दिसली, तर तिथे सुरी लावू नका. ताज्या कापावर मुळे फुटण्याची पावडर लावा.

यानंतरचे काम बहुतेकजण टाळतात आणि माझ्या मते ते सर्वांत आवश्यक आहे : बुंधा क्रेटला तारेने घट्ट आवळून बांधा. तार सालीत रुतू नये म्हणून मध्ये सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घाला. बुंधा वरून धरून हलवला तर संपूर्ण क्रेट हलला पाहिजे. चौथ्या मजल्यावर पावसाळी वारा कसा असतो हे आपल्याला सांगायला नको, आणि बुंधा एखाद्या रेषेइतका जरी डुलत राहिला, तरी केसासारखी नवी मुळे रोज तुटत राहतात. टबातच ठेवायचे ठरले, तरीही हे बांधणे कराच.

माना टाकणाऱ्या पानांवर उपाय पाण्याचा नाही, सावलीचा आहे. पाने सुकली की हात आपोआप झारीकडे जातो, परंतु पिणारी मुळेच नसताना मातीत आणखी पाणी घालणे म्हणजे कुजण्याला निमंत्रण. आपली गॅलरी कोणत्या दिशेला आहे हे आपण लिहिलेले नाही. ती पश्चिमेची असेल, तर झाड आजच आत घ्या किंवा हिरव्या शेडनेटचे दोन पदर लावा. सकाळी आठ-नऊपर्यंतचे कोवळे ऊन मिळाले तरी आत्ता पुरे आहे. सकाळी आणि दुपारी साध्या फवाऱ्याने पानांवर व खोडावर पाण्याचे तुषार मारा, आणि मुळाशी पाणी मात्र काडीची कसोटी घेऊनच, बहुधा दोन-तीन दिवसांआड, द्या. स्पेन-इटलीतले लोक अशा बुंध्यावर पारदर्शक प्लास्टिकची पिशवी घालतात. तिकडची कोरडी हवा पाहता ते योग्यच आहे, पण मुंबईच्या मे महिन्यात हवेतच एवढा दमटपणा असतो की बंद पिशवीत बुरशीच वाढेल. एका बाबतीत मात्र मुंबई आपल्याला अनुकूल आहे. मुळे फुटायला बुडाशी ऊब लागते, आणि थंड देशांतले लोक त्यासाठी विजेवर तापणाऱ्या गाद्या कुंड्यांखाली ठेवतात. आपल्याकडे आत्ता रात्रीही ती ऊब फुकट मिळते.

फुटवे एकही काढू नका, ते नको त्या जागी आलेले असले तरी. ऑलिव्हच्या खोडात प्रत्येक फांदी आणि तिच्या खालचे मूळ यांचा संबंध एखाद्या स्वतंत्र शिरेसारखा असतो. ज्या बाजूचे मूळ तुटते त्या बाजूची सालीची पट्टी बरेचदा मरते, आणि ज्या बाजूला फुटवा जोमाने वाढतो त्याच्या खाली मूळ निघण्याची शक्यता वाढते. आज बुडाशी आलेला कुरूप फुटवा पुढे दोन वर्षांनी छाटता येईल, परंतु तो आज जे मूळ ओढून काढील ते दुसऱ्या कोणत्याही उपायाने मिळणार नाही. सालीची एखादी बाजू मेली असे वाटले, तर नखाने टिचभर खरवडून पाहा. आत ओला हिरवा पापुद्रा दिसला तर ती जिवंत आहे; तपकिरी आणि कोरडे दिसले, तर त्या बाजूचे लाकूड पुढे उघडे, पांढरे ठेवून बोन्सायचाच भाग करता येते. जुन्या ऑलिव्हचे निम्मे सौंदर्य अशा मेलेल्या लाकडात असते, त्यामुळे त्याचे दुःख करू नका.

सासूबाईंच्या ताकाबद्दल आदराने सांगावेसे वाटते की रुजलेल्या कढीपत्त्याला ताक घालण्याचा आपल्या घरांतला प्रघात मला ठाऊक आहे, पण मुळे नसलेल्या बुंध्याजवळ आंबणारा कोणताही पदार्थ नको. कापलेल्या जागी हळद लावायची असेल तर लावा, तिने अपाय होत नाही. मात्र काप बंद करण्याचे काम ती करीत नाही. वरच्या मोठ्या कापांवर मेणाचा किंवा बोन्सायच्या कट-पेस्टचा पातळ थर द्या.

आता पावसाळा. ऑलिव्ह ज्या प्रदेशातले आहे तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा ठणठणीत असतो. बिकानेरला तर वर्षभरात ३०० मिलिमीटरही पाऊस होत नाही, आणि म्हणूनच राजस्थान सरकारने २००७ साली इस्रायली तज्ज्ञांच्या साहाय्याने ऑलिव्हच्या लागवडीचा प्रयोग त्या कोरड्या राज्यात हाती घेतला. मुंबईत एवढा पाऊस जुलैतल्या दोन-तीन दिवसांत पडू शकतो आणि चार महिन्यांत २००० मिलिमीटरच्या वर जातो. तेव्हा जून ते सप्टेंबर या काळात आपल्या झाडावर पावसाचा थेंबही पडता कामा नये. ग्रिलवर पारदर्शक पॉलिकार्बोनेटचा उतरता पत्रा लावा, वरच्या मजल्याची पागोळी आत येत नाही ना हे पहिल्याच मोठ्या सरीत उभे राहून पाहा, आणि बाजू उघड्या ठेवा म्हणजे वारा खेळेल. ताडपत्रीने चहूबाजूंनी गुंडाळू नका. पावसाळ्यात आठवड्यातून एकदा पाणी लागले तरी पुष्कळ, आणि कधी कधी तेही लागणार नाही. पानांवर काळपट ठिपके पडून पाने गळू लागली, तर कॉपर ऑक्सिक्लोराइड लिटरला अडीच ग्रॅम या प्रमाणात, हातमोजे घालून, पाऊस नसलेल्या सकाळी फवारा. ठिपके नसताना केवळ खबरदारी म्हणून फवारू नका.

मुळे आली हे बुंधा न उचलता कसे ओळखावे, हे आपण विचारलेले नाही, पण पावसाळ्यात हा प्रश्न आपल्याला रोज पडणार आहे. पहिली पालवी काही काळ थबकते, तिची पाने जाड, वरून गर्द हिरवी आणि खालून रुपेरी होतात, आणि मग त्याच फुटव्यांच्या टोकांतून दुसऱ्यांदा जोमाने वाढ सुरू होते. ही दुसरी वाढ भर दुपारीही ताठ उभी राहिली आणि माती पूर्वीपेक्षा लवकर सुकू लागली, तर मुळे पाणी पिऊ लागली असे खुशाल समजा. आपल्याकडे हे ऑक्टोबरच्या सुमारास दिसण्याचा संभव आहे. तेव्हा सावली हळूहळू, दोन-तीन आठवडे घेऊन, कमी करा आणि नोव्हेंबरपर्यंत झाड पूर्ण उन्हात आणा, कारण रुजलेल्या ऑलिव्हला मिळेल तेवढे ऊन हवे असते. पहिले खतही तेव्हाच, शिफारशीच्या पाव मात्रेने. नुसते हिरवे आहे म्हणून खत घालू नका.

त्यानंतरचे एक संपूर्ण वर्ष झाडाला मनसोक्त वाढू द्या. फांद्या निवडणे आणि तार बांधणे रुजल्यानंतरच्या दुसऱ्या फेब्रुवारीपासून, आणि उथळ ट्रे त्याच्याही पुढच्या वर्षी. ऑलिव्हची वर्षभराची फांदी तारेने सहज वळते, दोन-तीन वर्षांची मात्र कडक होते आणि बुडाशी फाटते, म्हणून निवडलेल्या फांद्यांना त्या पेन्सिलीपेक्षा बारीक असतानाच वळण द्या. फळांची अपेक्षा ठेवू नका, कारण फुलोऱ्यासाठी ऑलिव्हला हिवाळ्याची थंडी लागते आणि ती मुंबईत मिळत नाही. बुंधा आणि पाने यांसाठीच हे झाड सांभाळायचे. मोगरा, जाई आणि पारिजातक यांच्याच कुळातले ते आहे, हे मला नेहमीच थोडे विलक्षण वाटत आले आहे.

राहिला डोंगराचा प्रश्न. मुलुंडच्या मागचा डोंगर म्हणजे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान, आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तिथून झाड, बुंधा तर सोडाच, रोपही आणता येत नाही. कायदा नसता तरी मी हेच सांगितले असते. उघड्या कातळावर पन्नास वर्षे तग धरून राहिलेले झाड आपल्या गॅलरीत मरण्याची शक्यताच अधिक असते, आणि तिथे त्याच्यावर पक्षी, मुंग्या, आळंब्या असे कितीतरी जीव अवलंबून असतात. जुना बुंधा हवा असेल, तर मुंबईत पुनर्विकासासाठी रिकाम्या होणाऱ्या इमारतींच्या कठड्यांत आणि पन्हळींजवळ उगवलेले वड-पिंपळ पाहा. सोसायटी ती एरवीही काढतेच. सोसायटीची लेखी परवानगी घ्या, आणि आवारातल्या जमिनीवर वाढलेले झाड असेल तर १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यानुसार महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे अर्ज केल्याशिवाय त्याला हात लावू नका. कठड्यावरचे रोप स्वतः वाकून काढू नका, दोर बांधून काम करणाऱ्या माणसाकडून काढून घ्या. वड ऑलिव्हच्या अगदी उलट वागतो : तो जूनच्या अखेरीस, पाऊस नीट लागल्यावर काढावा, पाने सगळी छाटावीत आणि उघड्या पावसात ठेवावा. भिंतीतले मूळ सरळ तुटले तरी महिन्या-दीड महिन्यात तो नवी मुळे धरतो. तेव्हा यंदाच्या पावसाळ्यात वडाला पत्र्याबाहेर ठेवा आणि ऑलिव्हला पत्र्याखाली, आणि दोघांच्या कुंड्यांवर लावल्याची तारीख खडूने नव्हे, पक्क्या रंगाने लिहा.